हरवलेले मूल, पोलिसी कुत्रा आणि आपला हक्क



मूल हरवले म्हणजे आपल्या वस्तीतील आईबाप प्रथम विहिरीत डोकावतात, मग सोयऱ्याधायऱ्यांकडे निरोप धाडतात, आणि सर्वांत शेवटी पोलीस ठाण्याची पायरी चढतात. या क्रमाला कारण आहे. ठाण्यात गरिबाला जे उत्तर मिळते ते त्याला आधीच पाठ असते. मूल लहान असेल तर ‘कोठे तरी खेळत असेल, उद्यापर्यंत वाट पाहा’. मुलगी जाणती असेल तर ‘पळून गेली असेल’. हे उत्तर बेकायदेशीर आहे, आणि ते ऐकून घेऊन परत येणे हे हरवलेल्या मुलावर अन्याय करणे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते मत मी येथे एका अशा साधनाच्या निमित्ताने मांडणार आहे की ज्याचे नाव काढणेही आईबापांना सहन होत नाही. ते साधन म्हणजे मृत शरीराचा वास शोधणारा कुत्रा. पोलीस खात्यात त्याला कॅडॅव्हर डॉग म्हणतात. आपण त्याला प्रेतगंधी कुत्रा म्हणू.

श्वानपथकातील सर्व कुत्री एकाच कामाची असतात असा आपल्याकडे समज आहे. तो चुकीचा आहे. माग काढणाऱ्या कुत्र्याला हरवलेल्या मुलाचा सदरा हुंगवतात आणि तो त्या एका मुलाच्या वासामागे जातो. प्रेतगंधी कुत्र्याला कोणाचाही सदरा हुंगवीत नाहीत. तो मेलेल्या मनुष्यदेहाचा सर्वसाधारण वास ओळखतो. तो देह कोणाचा, हे त्याला ठाऊक नसते. मृत्यूनंतर काही तासांतच देहातून अनेक प्रकारची वायुरूप द्रव्ये सुटू लागतात. ती मातीच्या फटींतून वर येतात, वाऱ्याबरोबर वाहतात, ओहोळाच्या उताराने खाली जातात. शिकविलेला कुत्रा त्यांचा उगम शोधतो, आणि तो सापडला की तेथे बसतो किंवा भुंकतो. पाण्यात बुडालेल्या देहाचा वासही पृष्ठभागावर येतो. म्हणून अशा कुत्र्याला काठाने किंवा होडीतून फिरवितात. मात्र वाहत्या पाण्यात वास जेथे वर येतो तेथेच देह असेल असे नाही. ज्याला वारा व उतार वाचता येत नाही अशा शिपायाच्या हाती उत्तम कुत्रा देऊनही उपयोग होत नाही.

त्या नाकाची शक्ती किती आहे हे जर्मनीतील हॅम्बुर्ग येथील एका प्रयोगावरून कळेल. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात, मृत्यू होऊन तीन तासही न झालेल्या देहांखाली सतरंजीचे तुकडे ठेवण्यात आले. मध्ये कापडही होते. दहा मिनिटे ठेवलेले तुकडे पोलिसांच्या कुत्र्यांनी पुढे शंभरांत अठ्ठ्याण्णव वेळा बरोबर ओळखले, आणि दोनच मिनिटे ठेवलेले तुकडे शंभरांत शहाऐंशी वेळा. परंतु प्रयोगशाळेतील सतरंजी वेगळी आणि उसाचा फड वेगळा, हे वाचकांनी विसरू नये.

आपल्या देशात हे साधन अजून विरळ आहे. केरळ पोलिसांनी ते प्रथम मनावर घेतले असे दिसते. ६ ऑगस्ट २०२० च्या रात्री इडुक्की जिल्ह्यातील पेट्टिमुडी येथे दरड कोसळून चहामळ्यातील मजुरांच्या चाळी गाडल्या गेल्या आणि सत्तर माणसे गेली. तेथे पोलिसांच्या माया नावाच्या कुत्रीने चिखलाखालील अनेक देह दाखवून दिले. पण त्याच ठिकाणची दुसरी हकीकत मला अधिक महत्त्वाची वाटते. मळ्यातील एका कुटुंबाची कुवी नावाची साधी पाळीव कुत्री होती. तिला कोणी काही शिकविले नव्हते. घरातील दोन वर्षांच्या मुलीबरोबर ती वाढली होती. दरड कोसळल्यानंतर आठवडा उलटला तेव्हा कुवी खालच्या ओढ्यावरील पुलापाशी पाण्याकडे पाहत उभी राहिली, आणि तेथेच त्या मुलीचा देह सापडला. पुढे २०२४ साली वायनाडच्या दरडीत आणि २०२५ साली तेलंगणातील कोसळलेल्या बोगद्यातही केरळची माया आणि मर्फी ही कुत्री नेण्यात आली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने अशी कुत्री तयार करण्याचे काम अलीकडेच हाती घेतले आहे.

आता महाराष्ट्राकडे पाहा. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इरशाळवाडी ही ठाकरांची वाडी दरडीखाली गेली. चार दिवसांनी शोध थांबविण्यात आला, तेव्हा २७ देह हाती लागले होते आणि ५७ माणसे बेपत्ता होती. त्यांत मुलेही होती. वाडी डोंगरावर, रस्ता नाही, पाऊस थांबत नाही, या अडचणी खऱ्या होत्या. परंतु डोंगराखाली राहिलेल्या त्या ५७ जणांच्या नातलगांना मातीची मूठही मिळाली नाही. आपल्या उमरगा भागाला हे दुःख सांगावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला तेव्हा सास्तूर उमरगा तालुक्यातच होते. त्या ढिगाऱ्यांतून दीड वर्षाची एक मुलगी चार दिवसांहून अधिक काळानंतर जिवंत निघाली. जिवंताचा शोध आणि मृताचा शोध यांपैकी एकासाठी दुसरा सोडून देता येत नाही, हे आम्ही येथे पाहिलेले आहे.

देह सापडणे ही केवळ मनाच्या समाधानाची बाब आहे असे कोणी समजू नये. ज्याचा सात वर्षे ठावठिकाणा लागत नाही, त्याच्याविषयी तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर पडतो, असा जुन्या पुराव्याच्या कायद्याचा नियम होता; तोच आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १११ मध्ये आहे. म्हणजे देहावाचून कुटुंब सात वर्षे टांगलेले राहते. आणि मुलाचा घातपात झाला असेल तर देहावाचून गुन्हेगारापर्यंत पोचणे दुष्कर होते.

येथवर मी कुत्र्याची बाजू मांडली. आता वकील म्हणून दुसरी बाजू मांडणे माझे कर्तव्य आहे. कारण कुत्र्याच्या भुंकण्यावर माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा मोह तपास अधिकाऱ्याला फार लवकर होतो, आणि त्या पिंजऱ्यात प्रथम गरीबच उभा राहतो.

कुत्रा बसला याचा अर्थ एवढाच की त्याला मानवी देहाचा वास आला असावा. तो वास कोणाचा, कधीचा, कशामुळे, हे तो सांगू शकत नाही. आपल्या खेड्यांत बाळंतपणानंतर वार परसात पुरण्याची चाल आहे. लहान मुलांचे देह पुरण्याची रीत आहे, आणि पुरण्याच्या जागा पुष्कळदा आपल्या वस्तीच्या कडेलाच आहेत. प्रेतगंधी कुत्री मानवी ऊती, रक्त, कित्येकदा वारही वापरून शिकविली जातात. असा कुत्रा एखाद्या झोपडीच्या परसात बसला तर त्या घरातील बाईवर काय प्रसंग ओढवेल याचा विचार करा! जनावराच्या कुजलेल्या देहावर नीट शिकविलेला कुत्रा बसत नाही. पण नीट न शिकविलेला बसू शकतो, आणि मेलेली ढोरे टाकण्याची जागाही गावाने आमच्याच शेजारी राखलेली असते.

परदेशातील उदाहरणे डोळ्यांत अंजन घालणारी आहेत. २००७ साली पोर्तुगालमधील प्राया दा लुझ येथून एक इंग्रज बालिका नाहीशी झाली. काही महिन्यांनी इंग्लंडहून दोन कुत्री आणण्यात आली. त्यांनी राहत्या घरात आणि मोटारीत खूण दिली. त्यानंतर आईबापांनाच संशयित ठरविण्यात आले. पण डीएनए तपासणीतून निश्चित काही निघाले नाही, आणि २००८ साली तो ठपका मागे घ्यावा लागला. मुलगी मात्र आजही सापडलेली नाही. त्याच २००८ साली जर्सी बेटावरील एका जुन्या बालगृहात कुत्र्याच्या खुणेवरून खणती झाली आणि बालकाच्या कवटीचा तुकडा सापडल्याची घोषणा झाली. तो तुकडा हाडाचा नव्हताच. नारळाच्या करवंटीचा किंवा लाकडाचा असावा असा निष्कर्ष पुढे निघाला. याच्या उलट, अमेरिकेतील डेट्रॉईट येथे २०११ साली नाहीशा झालेल्या दोन वर्षांच्या मुलीच्या खटल्यात, देह सापडला नसतानाही, इतर पुराव्याबरोबर कुत्र्याची खूण ज्यूरीपुढे आली आणि २०१२ साली बापाला शिक्षा झाली. एकाच साधनाने एके ठिकाणी खटला उभा राहिला आणि दुसऱ्या ठिकाणी दुःखी आईबापांवरच किटाळ आले.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीत घेतलेली भूमिका मला योग्य वाटते. १९६९ साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या अब्दुल रजाक दफेदार खटल्यात न्यायालयाने अशा पुराव्यावरील तीन आक्षेप नमूद केले. कुत्र्याला साक्षीच्या पिंजऱ्यात उभे करून उलटतपासणी घेता येत नाही, त्याच्या वतीने त्याचा सांभाळणारा बोलतो. माणसाचे जीवित व स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर अवलंबून ठेवणे बरे नव्हे. आणि अशा पुराव्याचा मनावर होणारा परिणाम त्याच्या खऱ्या किमतीपेक्षा फार मोठा असतो. गदे लक्ष्मी मंगराजू (२००१) आणि दिनेश बोरठाकूर (२००८) या निवाड्यांतही हेच धोरण कायम राहिले: तपासाला कुत्र्याचे साह्य घ्यावे, दोष सिद्ध करण्यास त्याचा आधार घेऊ नये. म्हणून कुत्र्याने खूण दिली की पंचांसमक्ष खणती झाली पाहिजे, जे सापडेल ते न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे गेले पाहिजे, आणि काही सापडले नाही तर तसे पंचनाम्यात लिहिले गेले पाहिजे. कुत्रा बसला पण काही निघाले नाही, ही नोंद दडपली जाते तेथे निरपराध माणूस अडकतो.

तथापि, कुत्रा येण्याचा प्रश्न फिर्याद नोंदली गेल्यानंतरचा आहे. नोएडातील निठारी येथे २००६ च्या डिसेंबरात एका घरामागील नाल्यात मुलांचे अवशेष सापडले. मुले एकाएकी नाहीशी झालेली नव्हती. मोलमजुरी करणारे आईबाप त्यापूर्वी कितीतरी दिवस ठाण्याच्या फेऱ्या मारीत होते. त्यांना हाकलून देण्यात आले होते. नाला काही दूर नव्हता. पहिल्या मुलाच्या वेळीच तपास झाला असता तर पुढची मुले वाचली असती असे मला वाटते. आणि तपास इतका सदोष झाला की २०२३ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने आणि शेवटी २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना मुक्त केले. इतकी मुले मेली, आणि त्याबद्दल कायद्याच्या दृष्टीने आज कोणीही दोषी नाही.

म्हणून वाचकहो, कायदा काय आहे तो नीट ध्यानात घ्या. १० मे २०१३ रोजी बचपन बचाओ आंदोलनाच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की मूल हरवल्याची प्रत्येक तक्रार गुन्हा म्हणून नोंदवावी आणि ते पळविले गेले असे प्रथमदर्शनी धरून तपास करावा. त्याच वर्षी नोव्हेंबरात ललिता कुमारी खटल्याचा निकाल लागला. तो खटलाही एका अल्पवयीन मुलीच्या अपहरणाच्या फिर्यादीवर पोलीस हलेनात म्हणूनच उभा राहिला होता. चोवीस तास थांबण्याचा नियम कोठेही नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. उमरग्यासारख्या कर्नाटकाच्या सीमेवरील आणि पुणे-हैदराबाद महामार्गावरील गावाला ही तरतूद फार मोलाची आहे. मूल येथून उचलले तर तासाभरात दुसऱ्या राज्यात असू शकते. फिर्यादीची नक्कल विनामूल्य मिळण्याचा आपला हक्क त्याच कलमात आहे. ठाणेदाराने नकार दिला तर माहिती लेखी स्वरूपात टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी, आणि तेथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा.

फिर्याद देण्यास एकाने जावे आणि घरी दुसऱ्याने मुलाचे न धुतलेले कपडे जपावे. ते हाताळू नयेत, इतरांच्या कपड्यांत मिसळू नयेत, स्वच्छ कागदी पिशवीत ठेवावेत. मूल जेथे शेवटचे दिसले त्या जागी सारा गाव गोळा होतो आणि जो माग कुत्र्याला सापडावयाचा तो शेकडो पायांखाली जातो. वस्तीतील तरुणांनी ती जागा राखली तर मोठे काम होईल.

राहता राहिला आईच्या मनाचा प्रश्न. प्रेतगंधी कुत्रा मागविणे म्हणजे मूल मेले असे कबूल करणे, असे तिला वाटते, आणि तिच्यापुढे कोणी युक्तिवाद करू नये. पण अर्ज वडिलांना, चुलत्याला, मामालाही करता येतो. जिल्ह्याच्या श्वानपथकात तसा कुत्रा नसेल तर तो जेथे असेल तेथून मागवावा, अशी लेखी विनंती पोलीस अधीक्षकांना करावी. त्याच दिवशी १०९८ वर बालमदत सेवेला आणि ११२ वर पोलिसांना मूल जिवंत आहे असे धरून कळवावे, आणि त्याचा फोटो शेजारच्या जिल्ह्यांत व कर्नाटकातील ठाण्यांत पाठविण्याची मागणी फिर्यादीतच लिहावी. दोन्ही शोध एकाच वेळी चालू शकतात. चार महिन्यांत मूल सापडले नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी कक्षाकडे द्यावा, असे बाल न्याय कायद्याखालील २०१६ च्या आदर्श नियमांत आहे. ती तारीख घरातील भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आजच लिहून ठेवावी, आणि प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का व तारखेसह पोच घेतल्यावाचून तेथून उठू नये.