पाण्यासाठी लढलेला समाज आणि दारूने थकलेले हृदय

२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांच्या मागोमाग आमच्या माणसांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. त्यासाठी डोकी फुटली. आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार, अशी आवई उठवून लोकांना झोडपले गेले. उच्च न्यायालयात तो हक्क शाबीत व्हायला १९३७ उजाडले. पाण्याच्या एका घोटाची एवढी किंमत मोजलेल्या समाजात आज चाळिशी-पंचेचाळिशीतली माणसे दारूने जातात, आणि आम्ही बॅनरवर ‘अकाली निधन’ छापून मोकळे होतो.

दारूने लिव्हर जाते हे सगळ्यांना ठाऊक आहे. हृदयाचे कोणी बोलत नाही. विदेशी दारूच्या एका क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल असते. रोज दीड क्वार्टर, अशी पाच-दहा वर्षे गेली की हृदयाचा स्नायू कमजोर होऊ लागतो, कप्पे ताणून मोठे होतात, रक्त ढकलायची ताकद उरत नाही. डॉक्टर याला अल्कोहोलिक कार्डिओमायोपॅथी म्हणतात. पोलादपूरकडच्या चढणीला दम लागतो, पाय सुजतात, रात्री आडवे पडले की श्वास कोंडतो. माणूस म्हणतो, वय झाले. वय कसले? बेचाळीस! शिवाय रक्तदाब वाढतो, ठोक्यांची लय बिघडते, गुठळी मेंदूत गेली की पक्षाघात.

‘कष्टकऱ्याला लागतेच थोडी’ म्हणणाऱ्यांना आम्ही विचारतो, थकवा घालवायला हृदयच थकवायचे का? आणि ‘त्या वस्तीत पितातच’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एसी बारमध्ये कोण बसते तेही पाहावे. संविधानाच्या कलम ४७ ने दारूबंदीसाठी प्रयत्न करण्याचे कर्तव्य राज्यावर टाकले आहे; राज्य उत्पादन शुल्क मोजत बसले आहे.

पण सरकारला बोलून आमची सुटका नाही. १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, पंचशीलातले पाचवे शीलही तेच. सकाळी वंदनेत ते म्हणायचे आणि रात्री मिरवणुकीच्या गाडीमागे बाटली उघडायची, हे कार्यकर्त्यांनीच चालवून घेतले आहे.

वेळीच सोडली तर बऱ्याच जणांचे हृदय सावरते. मात्र रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करू नये, फिट येऊ शकते. त्याला डॉक्टरकडे न्यावे. येत्या २० मार्चला महाडमध्ये पुस्तकांच्या स्टॉलशेजारी रक्तदाब आणि ईसीजी तपासणारे एक टेबल लावा. पहिला नंबर मंचावरच्या नेत्यांचा.