डोंगरातल्या घरी मुक्कामाला जाताना

मैत्रिणींनो, इचलकरंजीच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांच्या भिशीतल्या सहाजणींनी यंदा आषाढात पन्हाळा ते पावनखिंड चालत जायचं ठरवलं आहे. रात्री वाटेतल्या एका वाडीत कुणाच्या तरी घरी मुक्काम करायचा आहे. "बरोबर काय काय घ्यावं, आणि त्या घरी आपली गैरसोय होऊ नये म्हणून काय करावं?" असं त्या विचारतात.

सामानाचं सांगणं सोपं आहे, ते सांगतेच. पण 'आपली गैरसोय' हे शब्द वाचले आणि मला माझी गेल्या आषाढातली गोष्ट आठवली. मीही अगदी हाच प्रश्न मनात घेऊन गेले होते.

वाट तुमच्यापैकी बऱ्याचजणींना ऐकून माहीत असेल. १६६० च्या मार्चपासून सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला होता. जुलैमधल्या भर पावसाच्या रात्री शिवाजी महाराज सुमारे सहाशे मावळे घेऊन गडावरून निसटले आणि विशाळगडाकडे निघाले. पालखीत महाराज म्हणून बसलेले नेबापूरचे शिवा काशीद आणि घोडखिंड अडवून धरणारे बाजीप्रभू व बांदल सेना यांची गोष्ट आपण मुलांना सांगतोच. आज त्याच वाटेने दर जुलैत शेकडो मंडळी पन्हाळ्याहून निघतात. राजदिंडीने उतरायचं, म्हाळुंगे ओलांडून मसाई पठारावर चढायचं, मग कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी अशा एकेक वाड्या मागे टाकत पांढरेपाणी आणि पुढे पावनखिंड. पन्नासेक किलोमीटरची चाल आहे, म्हणजे दोन दिवस आणि एक रात्र. त्या रात्री वाडीतल्या घरांतून ओसरीवर, माजघरात, जागा मिळेल तिथे माणसं झोपतात.

आता सामान. नवे बूट घालून जाऊ नका, महिनाभर वापरलेलेच घाला. जीनची पँट भिजली की दगड होते, त्यापेक्षा लवकर वाळणारी सलवार बरी. कोरडे कपडे आणि मोज्यांचे दोन जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून मग पिशवीत घाला. वरून कितीही चांगलं कव्हर असलं तरी पाणी आत जातं ते जातंच. जळवांसाठी मिठाची पुरचुंडी कमरेला असावी. जळू ओढून काढू नये, मीठ लावलं की आपण होऊन सुटते. रात्री ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा, सकाळपर्यंत बरंच पाणी शोषलं जातं. बॅटरी, काठी, आपलं ताट-पेला आणि अंगावर घ्यायची एक चादर. झालं.

आमच्या मंगळवार पेठेतल्या आठजणी गेलो होतो. मसाई पठारावर वाऱ्यापावसाने अशी झोडपणी केली, की वाडीत पोचलो तेव्हा एकीच्याही अंगावर कोरडा धागा नव्हता. घरच्या वहिनी आमच्याआधी दहा मिनिटं रानातून आल्या होत्या. आषाढ म्हणजे त्या भागात भाताच्या लावणीचे दिवस. सकाळपासून गुडघाभर चिखलात वाकून त्यांनी रोप लावलं होतं. डोक्यावरची प्लॅस्टिकची खोळ अजून ठिबकत होती. त्यांनी पाय धुतले, चहा टाकला आणि विचारलं, "अजून काय पायजे काय, ताई?"

मी म्हटलं, "वहिनी, अंघोळीला थोडं गरम पाणी मिळेल का?"

त्या क्षणभर थांबल्या. मग "व्हय, तापवू की" म्हणाल्या आणि आत गेल्या.

आठजणींच्या आठ बादल्या पाणी त्या चुलीवर तापलं, मैत्रिणींनो. न्हाणीतून एकेक बाहेर येत होती आणि "स्वर्ग गं, स्वर्ग" म्हणत होती. पुन्हा आम्ही चुलीभोवती पाय शेकत बसलो, गाण्याच्या भेंड्या लावल्या. पलीकडे त्या आणि त्यांच्या सासूबाई भाकऱ्या थापत होत्या. आमच्यातली एक उशिरा का होईना उठली आणि म्हणाली, "द्या, मी थापते." नाचण्याची भाकरी तिच्या हातात तीनदा मोडली, तेव्हा सासूबाई मनापासून हसल्या.

सकाळी उजेडात मी पडवीत गेले. एका कोपऱ्यात जळणाची रास होती, भिंतीला कमरेपर्यंत धुराचा आणि सालपटांचा डाग होता, म्हणजे रास तिथपर्यंत होती. आता ती गुडघ्याच्या खाली आली होती. सासूबाई तिथेच बसून शेणी मोजत होत्या. मी उगाच विचारलं, "कधीपर्यंत पुरतं हो हे?" त्या म्हणाल्या, "गवरी-गणपतीपतोर पुरवाय पायजे, बाई. आता बगू." त्यांच्या सुरात तक्रार नव्हती, मला हिशेब सांगितला एवढंच.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपण आठ-आठ दिवसांची भाजी फ्रीजमध्ये भरतो, वर्षाचं तिखट कुटून ठेवतो, बेगमी म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. डोंगरात उन्हाळाभर बाईने डोक्यावरून मोळ्या आणायच्या, फोडायच्या, वाळवायच्या आणि मृगाच्या आत घरात घ्यायच्या. एकदा पाऊस लागला की रानातली काटकी धूर देते, आच देत नाही. त्यांच्याकडे गॅस नव्हता असं नाही. होता. पण टाकी संपली की तालुक्याच्या गावाहून आणायची, भरायला पैसे मोजायचे आणि पावसात गाडी वर येईल तेव्हाच ती येणार. म्हणून गॅसवर चहा आणि आजारी माणसाचं पाणी, बाकी सगळं चुलीवर. त्यांच्या आठवड्याभराचं कोरडं जळण आम्ही एका संध्याकाळी अंगावरून ओतून मोकळ्या झालो होतो.

निघताना मी जास्तीचे पैसे काढले. त्यांनी घेतलेही, नाही कशाला म्हणतील? पण पैशाने ओलं लाकूड वाळत नाही हे त्यांना माहीत होतं, आणि एव्हाना मलाही.

हे काही आपल्याच डोंगरात घडतं असं नव्हे. नेपाळात अन्नपूर्णेच्या परिसरात परदेशी पाहुण्यांच्या जेवणासाठी आणि गरम पाण्यासाठी गुरांसाची जंगलं तुटू लागली. १९८६ साली तिथे संरक्षणाचा प्रकल्प सुरू झाला, आणि पाहुण्यांची सोय करणाऱ्या घरांना रॉकेल, सूर्याच्या उष्णतेवर पाणी तापवायची साधनं, आणि स्वयंपाक होतानाच पाणी तापावं म्हणून चुलीतून नेलेली नळी, अशा गोष्टी देण्यात आल्या. ती नळी म्हणजे आपला वैलच की! आपल्या आज्यांच्या चुलीला शेजारी वैल असायचा, पुढे भाकरी भाजली जायची आणि उरलेल्या आचेवर वैलावरचं पाणी कढत व्हायचं. लडाखात हिमबिबट्यांच्या मुलखातल्या खेड्यांतही घरोघर पाहुणे ठेवायची पद्धत आहे. तिथे पाहुणे पाळीपाळीने वेगवेगळ्या घरी पाठवतात, म्हणजे एकाच घरावर भार पडत नाही आणि पैसाही एकाच घरात जात नाही. आपल्या वाड्यांत ही पाळी अजून सगळीकडे लागलेली नाही. ज्याच्या ओळखी जास्त त्याच्या घरी गर्दी, हे आहेच.

तर इचलकरंजीच्या ताईंना माझं सांगणं असं. अंघोळ एक रात्र राहू द्या. वैलावर भाकऱ्यांबरोबर एक हंडा आपोआप तापेल, त्यात सहाजणींनी हातपाय-तोंड धुवावं आणि ओल्या पंचाने अंग पुसून घ्यावं. त्याहून जास्त मागू नये. कारण तुम्ही मागितलंत तर ती नाही म्हणणार नाही, दारी आलेल्या पाहुण्याला नाही म्हणायची तिला सवय नाही.

शिधा बरोबर न्या. सहाजणी आणि घरची पाच माणसं धरून तूरडाळ पाऊण किलो, तांदूळ दीड किलो, पोहे एक किलो, साखर अर्धा किलो, चहाची शंभराची पुडी, गोडेतेलाची अर्ध्या लिटरची पिशवी. पोचल्यावर तो तिच्या हातात द्या, कारभाऱ्यांच्या नव्हे. पैशाचंही तेच. एखाद्या मंडळाबरोबर जात असाल तर माणशी रक्कम आधीच ठरलेली असते आणि ती गावातल्या कुणा पुरुषाकडे जाते. त्यातलं स्वयंपाकघरापर्यंत किती पोचतं ते निघण्यापूर्वी विचारा. विचारायला लाज कसली? लग्नाच्या वाढप्यांचा हिशेब आपण विचारतोच की.

नाचण्याची भाकरी आधी अर्धीच घ्या, टाकू नका. कुर्डूची नाहीतर भारंगीची भाजी मिळाली तर नशीब समजा, ती शहरात सहज मिळत नाही. पोळी मिळेल का, असं विचारू नका. आणि आपण पडलो कोल्हापूरकर, अंगणातली कोंबडी दिसली की तांबडा रस्सा दिसायला लागतो! ती कोंबडी अंड्यांसाठी असते. तिच्याविषयी घरच्यांनी बोलावं, आपण बोलू नये.

संडास कुठे, पाणी कुठून आणायचं, हे उजेड असतानाच विचारून ठेवा. आपली बादली आपण आणा. पाळी आलेली असेल तर घड्या कागदात गुंडाळून, वेगळ्या पिशवीत बांधून परत घरी आणायच्या. त्यांच्या रानात, ओढ्यात किंवा शोषखड्ड्यात टाकायच्या नाहीत. हे मी स्पष्ट लिहिते, कारण बरोबरच्या बायका एकमेकींनाही हे सांगत नाहीत. मुलांना चॉकलेटं वाटत सुटू नका. शाळेच्या वह्या न्यायच्या तर त्याही घरातल्या मोठ्यांकडे द्या. आणि आपले जुने कपडे दान म्हणून वर वाहून नेऊ नका हो, त्यांना फाटके कपडे कमी नाहीत.

त्या वहिनींचं पुढे काय झालं ते सांगते. नवरात्रात त्या धाकट्या मुलाला घेऊन अंबाबाईच्या दर्शनाला आल्या. निघताना मी पत्ता दिला होता, पण त्या येतील असं वाटलं नव्हतं. रात्री आमच्याकडेच राहिल्या. सकाळी मी न्हाणीघरातला गिझर लावला आणि नळ कसा सोडायचा ते दाखवून स्वयंपाकघरात आले. पाच मिनिटं झाली, पाण्याचा आवाज येईना. जाऊन बघते तर त्या रिकामी बादली घेऊन दाराशी उभ्या.

"ताई," त्यांनी विचारलं, "किती पानी घिऊ?"