दलित साहित्याचे पहिले पान कोणी फाडले?

१/ मराठी वाङ्मयाच्या बहुतेक धावत्या इतिहासांत दलित साहित्याचे प्रकरण ठरावीक ठिकाणी उघडते : १९५८चे मुंबईतील दलित साहित्य संमेलन, मग ‘अस्मितादर्श’, मग १९७२ सालची ‘दलित पँथर’ आणि ‘गोलपिठा’. क्रम खरा आहे. आरंभ मात्र खोटा आहे.

२/ किसन फागुजी बनसोडे (१८७९–१९४६) यांचा जन्म नागपूरजवळच्या मोहपा येथला. कवी, संपादक, समाजसुधारक. त्यांची पत्रे पाहा : ‘निराश्रित हिंद नागरिक’ (१९१०), ‘विटाळ विध्वंसक’ (१९१३), ‘मजूर पत्रिका’ (१९१८). बाबासाहेबांचे ‘मूकनायक’ निघाले ते ३१ जानेवारी १९२० रोजी.

३/ हे नागपुरात का घडले? येथे १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीच्या रोख मजुरीने अनेकांना गावकीच्या बलुत्याबाहेर उभे राहता आले. वर्गणी देणारा आणि पत्र वाचून घेणारा वर्ग अशाच वस्त्यांत तयार होतो.

४/ आक्षेप ठरलेला असतो : हे लेखन प्रचारकी आहे. मग चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ (१८७४) काय होती? ती आरंभापासून वाद घालत आली आणि तरीही मराठी गद्याचा मानदंड ठरली. एकाचा आवेश शैली म्हणून गौरवायचा आणि दुसऱ्याचा प्रचार म्हणून वगळायचा, याला समीक्षा म्हणत नाहीत.

५/ दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बनसोडे चोखामेळ्याचा वारसा सांगत. १९५६ नंतरच्या बौद्ध जाणिवेने भक्तीची ती भाषा नाकारली. पण केशवसुतांनी नवी वाट धरली म्हणून पंडित कवींना इतिहासातून कोणी हद्दपार केले नाही. मतभेद हाही परंपरेचाच भाग असतो.

६/ या विस्मरणाची किंमत मोठी आहे. प्रकरण १९७२ला उघडले की दलित कवीचा संताप अमेरिकी ब्लॅक पँथरची उसनवारी ठरवणे सोपे जाते. ‘विटाळ विध्वंसक’ हे नाव मात्र अमेरिकेकडून उसने घेतलेले नव्हते.

७/ नागपूरकरांनीही ‘पहिले आम्हीच’ म्हणू नये. पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी ‘सोमवंशीय मित्र’ १९०८ सालीच काढले होते. दुरुस्ती एवढीच हवी : पाठ्यपुस्तकातील ते प्रकरण अर्धशतक मागे सरकवा आणि त्यात या दोन्ही संपादकांची नावे छापा.