कल्पित नाण्याचे मोल

कल्पित जग उभारणारा लेखक नकाशा काढतो, राजघराण्यांच्या वंशावळी रचतो आणि मग चलनाकडे वळतो. अमुक नाण्याची तमुक नाणी असे एक कोष्टक मांडले की हे काम संपले, असा त्याचा समज असतो. आमच्या मते खरे काम तेथून पुढे सुरू होते.

जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालिकेतील चलन पाहावे. सोन्याच्या एका गॅलियनचे १७ सिकल, चांदीच्या एका सिकलचे २९ क्नट. या दोन्ही मूळ संख्या. त्यांचे पूर्णांकात अर्धे-पाव होत नाहीत. १९७१ पर्यंत ब्रिटनमध्ये पौंडाचे २० शिलिंग व शिलिंगाचे १२ पेन्स होत. त्या जुन्या हिशेबाची ही थट्टा वाटते. मात्र त्या हिशेबात व्यवहाराची सोय होती. १२ चे अर्धे, तिसरा हिस्सा, पाव सारे सहज निघते. आपल्या १६ आण्यांचेही तसेच : रुपयाची अर्धी अधेली, तिची अर्धी पावली, तिची अर्धी चवली. ही कोष्टके वाटणीच्या गरजेला उपयोगी पडत. रोलिंग यांचे कोष्टक तसे नाही.

तरीही ते चलन एके ठिकाणी खरे होते. दुसऱ्या पुस्तकात (१९९८) वीझली कुटुंबाची तिजोरी उघडते. आत सिकलांचा लहानसा ढीग आणि एकच गॅलियन. आई कोपरेसुद्धा चाचपते आणि सारे पिशवीत भरते. पुढे हॅरी स्वतःची भरलेली तिजोरी इतरांच्या नजरेआड ठेवू पाहतो. गॅलियनचे मोल वाचकाला कळते ते येथे, एकाच्या चणचणीतून आणि दुसऱ्याच्या संकोचातून. १७ आणि २९ विसरले तरी हे विसरत नाही.

चलनाचे दुसरे घर म्हणजे भाषा. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १०० नवे पैसे झाले. पुढे आणे व्यवहारातून गेले. पण 'सोळा आणे खरे' आपण आजही म्हणतो, आणि संसार पै-पै जोडूनच उभा राहतो. ज्या कल्पित नाण्याने त्या जगाच्या बोलीत एकही वाक्प्रचार ठेवला नाही, ते तेथे कधी चाललेच नसावे.

कोष्टक नकोच, असे आमचे म्हणणे नाही. परंतु मराठीत अद्भुताचे नवे जग रचू पाहणाऱ्या लेखकाने नाण्याचे नाव ठरवण्याआधी ते कोणाच्या मुठीत नाही, हे ठरवावे. नाव मग सुचेल.