गोंगाटातली परीक्षा मराठीतही घ्या

प्रति,
संचालक,
अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था,
वांद्रे, मुंबई

विषय : श्रवणयंत्रांतल्या नव्या तंत्राची आपल्याकडच्या गोंगाटात, आपल्या भाषांत चाचणी



मंगल कार्यालयात शिरताच कानाचं मशीन काढून खिशात टाकणारे आजोबा अनेक घरांना ठाऊक आहेत. विचारलं तर उत्तर ठरलेलं : ‘आवाज येतो रे, पण कोण काय बोलतंय ते कळत नाही.’ घरच्यांना तो हट्ट वाटतो. प्रत्यक्षात आजोबांनी नसांच्या बहिरेपणाचं अचूक वर्णन केलेलं असतं.

आतल्या कानातल्या केसपेशी झिजल्या की दोन गोष्टी बिघडतात. हळू आवाज ऐकू येत नाहीत आणि जवळजवळच्या पट्टीतले आवाज एकमेकांत मिसळतात. पहिल्या बिघाडावर आवाज वाढवणं हा इलाज आहे, दुसऱ्यावर नाही. यंत्र व्याह्यांचं बोलणं मोठं करतं, तसा बँडही मोठा करतं आणि ताटांचा खणखणाटही. धडधाकट कानांचा माणूस गर्दीतला एकच आवाज कसा धरून ठेवतो, हे कोडं कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये मांडलं आणि ते ‘कॉकटेल पार्टी’ या नावाने प्रसिद्ध झालं. पंख्याची एकसुरी घरघर कमी करणं अभियंत्यांना त्यानंतर जमलं. माणसांचा कलकलाट मात्र हटेना, कारण तिथे गोंगाट हाही बोलण्याचाच बनलेला असतो.

वाट सापडली ती न्यूरल नेटवर्कमुळे, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय रचनेमुळे. ओहायो स्टेट विद्यापीठातले डेलिआंग वांग या प्रश्नाकडे वळले, त्यामागे त्यांच्या आईची मंदावलेली श्रवणशक्ती होती. २०१३ मध्ये एरिक हीली आणि वांग यांच्या गटाने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गोंगाटात मिसळलेली वाक्यं संगणकाने स्वच्छ करून कमी ऐकू येणाऱ्यांना ऐकवली. त्यांना ती समजली, आणि तीही मूळ गोंगाट जसाच्या तसा ऐकणाऱ्या, उत्तम कानांच्या माणसांपेक्षा जास्त.

यामागची युक्ती सांगायला सोपी आहे. आवाजाचे काही मिलिसेकंदांचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या कंप्रतांच्या पट्ट्यांत विभागायचा आणि प्रत्येक चौकटीत बोलणं किती, गोंगाट किती याचा अंदाज नेटवर्कने बांधायचा. बोलणं जास्त असलेली चौकट ठेवायची, गोंगाटाची दाबायची. हे शिकवताना स्वच्छ ध्वनिमुद्रणात मुद्दाम गोंगाट मिसळतात. त्यामुळे बरोबर उत्तर आधीच हाताशी असतं आणि लाखो उदाहरणांवर नेटवर्क स्वतःची चूक दुरुस्त करत जातं.

अवघड आहे ते कानामागे बसवणं. प्रक्रियेला साधारण दहा मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागला, तर वापरणाऱ्याला स्वतःचाच आवाज विचित्र वाटू लागतो. शिवाय हे सगळं इवल्याशा बॅटरीवर दिवसभर चालायला हवं. तरीही डेन्मार्कच्या ओटिकॉनने २०२१ च्या सुमारास असं नेटवर्क थेट यंत्रात बसवलं. ते १ कोटी २० लाख ध्वनिप्रसंगांवर शिकवल्याचं कंपनी सांगते. २०२४ मध्ये स्वित्झर्लंडच्या फोनॅकने याच कामासाठी वेगळी चिप असलेलं यंत्र आणलं. अशा वरच्या श्रेणीच्या जोडीची किंमत आपल्याकडे लाखांच्या घरात जाते.

इथे संस्थेशी संबंध येतो. नेटवर्क जे आवाज ऐकून शिकतं, त्यांच्या जवळपासच्या आवाजांतच ते सर्वांत हुशार ठरतं. ढोल-ताशा, लोकलचा डबा, एसटी स्टँडवरची घोषणा, मिक्सर आणि कुकरची शिट्टी एकाच वेळी चालू असलेलं स्वयंपाकघर, पंख्यांच्या आवाजात साठ मुलांचा वर्ग : इथल्या माणसाला ऐकायचं आहे ते यातून. मराठीचे म्हणून काही प्रश्न आहेत, ते वेगळेच. ख, फ, भ, म्ह यांसारख्या ध्वनींत श्वासाचा भाग मोठा असतो आणि श्वास हा गोंगाटासारखाच दिसतो. गोंगाट पुसताना ‘फार’चा ‘पार’ होतो का, हे मराठी वाक्यांवर तपासल्याशिवाय कुणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

ब्रिटनमध्ये ‘क्लॅरिटी’ या विद्यापीठांच्या प्रकल्पाने २०२१ पासून खुल्या स्पर्धा घेतल्या. गोंगाटातली इंग्रजी वाक्यं संशोधकांना मोफत दिली आणि निकाल ठरवताना कमी ऐकू येणाऱ्या श्रोत्यांचे कान प्रमाण मानले. हे वांद्र्यात का होऊ नये? १९८३ पासून चालत आलेल्या आपल्या संस्थेकडे ऑडिओलॉजिस्ट आहेत, ध्वनिरोधक खोल्या आहेत आणि रोज दारात येणारे रुग्ण आहेत. पवईला आयआयटी मुंबईत प्रा. पी. सी. पांडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी श्रवणयंत्रांच्या ध्वनिप्रक्रियेवर, अगदी स्मार्टफोनवर चालणाऱ्या श्रवणयंत्रावरही, संशोधन प्रसिद्ध केलं आहे.

म्हणून तीन मागण्या.

पहिली : भारतीय गोंगाटाचा खुला ध्वनिसंग्रह करावा. तो कोणत्याही विद्यार्थ्याला आणि कंपनीला मोफत मिळावा.

दुसरी : त्या गोंगाटात मिसळलेल्या मराठी वाक्यांची प्रमाणित चाचणी तयार करावी. त्यात पुण्याच्या बोलीबरोबर वऱ्हाडी, मालवणी आणि अहिराणी बोलणाऱ्यांचे आवाज असावेत, लहान मुलांचे आणि म्हाताऱ्यांचेही. अशा चाचण्यांवर याआधी काही काम झालेलं असेल, तर तेही खुलं करावं.

तिसरी मागणी सर्वांत निकडीची. केंद्र सरकारच्या १९८१ पासूनच्या ‘अ‍ॅडिप’ योजनेतून गरजूंना श्रवणयंत्रं मिळतात. त्या खरेदीच्या निकषांत गोंगाटातल्या चाचणीच्या निकालाला स्थान द्यावं, अशी शिफारस संस्थेने संबंधित केंद्रीय मंत्रालयाकडे करावी. यंत्र आवाज किती वाढवतं, एवढ्यावर थांबू नये. ते लावल्यावर वर्गात किंवा बाजारात किती शब्द कळतात, हेही कागदावर यावं.

या तंत्राच्या मर्यादाही लोकांना संस्थेनेच सांगाव्यात. दोन माणसं एकदम बोलू लागली तर कोणाचं ऐकायचं, हे नेटवर्कला कळत नाही. बहुतेक यंत्रं समोरच्या दिशेचा आवाज धरतात. कोलंबिया विद्यापीठातले निमा मेसगरानी श्रोत्याला कोणाचं ऐकायचं आहे हे ओळखण्यासाठी मेंदूतल्या संकेतांचा अभ्यास करत आहेत, पण ते अजून प्रयोगशाळेतलं काम आहे. रस्त्यावरचा हॉर्न गोंगाट म्हणून पुसला गेला, तर तो अपघातालाही कारण ठरू शकतो. ‘एआय’ हा शब्द पाहून कर्ज काढणाऱ्या कुटुंबाला हे विक्रेत्याआधी सरकारी संस्थेकडून कळलं पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात ४३ कोटी लोकांना श्रवणविषयक उपचारांची गरज आहे. दरवर्षी ३ मार्चला जागतिक श्रवण दिन पाळला जातो. येत्या श्रवणदिनी संस्थेने मराठी चाचणीची पहिली शंभर वाक्यं, गोंगाटासह, सर्वांसाठी खुली करावीत, ही विनंती.