‘ट्राय’ मारावी का?

‘‘रविवारपर्यंत सांग. नाहीतर ओएलएक्सवर टाकतो.’’

मित्र आहे म्हणून चार दिवस तरी मिळाले. सायकल त्याची. साधी नाही, ट्राय बाइक! काळी कुळकुळीत, कार्बनची, उभी असली तरी पळतेय असं वाटावं अशी. दोन सीझन वापरलेली. किंमत एक लाख ऐंशी हजार, ‘फक्त तुझ्यासाठी’ दीड. सध्या माझ्याकडे रोड बाइक आहे, ती पंचेचाळीस हजारांची, आणि घरी तिची नोंद आजपर्यंत वीस हजार अशी आहे. (आई हे सदर वाचते. आई, सॉरी.)

हा किडा डोक्यात शिरला तो गोव्यामुळे. मिरामारला 2019 मध्ये पहिल्यांदा हाफ आयर्नमॅन झाली आणि ‘गोव्याला चाललोय’ या वाक्याचा अर्थच बदलला राव! 1.9 किलोमीटर पोहा, 90 किलोमीटर सायकल हाणा आणि मग 21.1 किलोमीटर पळा. यंदा मीही मनावर घेतलंय. तिन्हींत सगळ्यात जास्त वेळ खाते ती सायकल. मग वेळ वाचवायचा तर तिथेच, नाही का? शिवाय या शर्यतीत कुणाच्या मागे चिकटून वारा चुकवता येत नाही. पुढच्यापासून 12 मीटर अंतर ठेवावंच लागतं. म्हणजे वारा तुमचा तुम्हीच खायचा.

आणि ट्राय बाइक बनलीय ती या वाऱ्यासाठीच. सपाट रस्त्यावर ताशी तीसच्या पुढे गेलात की तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि त्या हवेला अडवतं ते सायकलपेक्षा जास्त तुमचं स्वतःचं शरीर. म्हणून ट्राय बाइकवर सीट पुढे सरकलेलं असतं, पुढे दोन दांडे निघालेले असतात, त्यांच्या पॅडवर कोपरं टेकवायची आणि पाठ आडवी करून वाकायचं. गिअर त्या दांड्यांच्या टोकाला. ब्रेक मात्र बाहेरच्या हँडलवर. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

दांड्यांची करामत जगाने पाहिली ती 1989 च्या टूर द फ्रान्समध्ये. शेवटच्या दिवशी व्हर्साय ते पॅरिस 24.5 किलोमीटरची एकट्याने मारायची शर्यत. फ्रान्सचा लॉरें फिन्यों 50 सेकंदांनी पुढे. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँने ट्रायथलॉनवाल्यांकडून उचललेले दांडे हँडलला लावले. फिन्यों साध्या हँडलवर, पोनीटेल हवेत उडवत! तीन आठवड्यांची शर्यत लेमाँने 8 सेकंदांनी जिंकली. मित्राने हा किस्सा मला किमान सहा वेळा ऐकवलाय. विकणाराच तो, ऐकवणारच.

शेवटी ठरलं, रविवारी हिंगणी. तिथे ट्रायल.

नागपूरहून बुटीबोरी, केळझर, सेलू, मग सेलूहून आत वळलं की बोर धरणाच्या वाटेवर हिंगणी. पुढे 2014 मध्ये जाहीर झालेला बोरचा छोटासा व्याघ्र प्रकल्प. सकाळी गार हवा, दोन्ही बाजूंनी कापूस, सेलूपर्यंत आमची आठ जणांची गँग. थोड्या थोड्या वेळाने पुढचा मागे, मागचा पुढे. गप्पा, शिव्या, ऑफिसमधल्या बॉसची नक्कल. ट्राय बाइकवाला मात्र रांगेबाहेर, एकटाच. कोपरांवर वाकलेला माणूस मागे नको असतो कुणाला, कारण त्याचे हात ब्रेकवर नसतात. हे बघून खरं तर तिथेच समजायला हवं होतं.

सेलूला सायकली बदलल्या. तो माझ्यापेक्षा दोन इंच उंच, सीट खाली घेतलं, बाकीचं ‘चालतंय रे’.

आणि खरं सांगू? पहिले पाच मिनिटं जादू! कानातला वाऱ्याचा आवाजच बदलतो. तेवढ्याच मेहनतीत घड्याळावरचा आकडा वर सरकतो. मी मनातल्या मनात ईएमआय पाडून मोकळा झालो.

सातव्या मिनिटाला मान दुखायला लागली. दहाव्याला मी वर उठून बसलो, मग पुन्हा वाकलो. आणि तेवढ्यात डावीकडच्या झुडपातून एक शेळी रस्त्यावर. तिच्या मागे अर्थातच बाकीच्या. हात पुढे, ब्रेक बाहेर. कोपरं उचलून बोटं ब्रेकवर जाईपर्यंत गेला तो एखादा सेकंद असेल, पण त्या स्पीडला एका सेकंदात आठ-नऊ मीटर जातात. मागचं चाक घसरलं, मी कच्च्यात उतरलो आणि कसाबसा थांबलो. कार्बनला ओरखडा नाही. मला घाम. शेळी शांतपणे माझ्याकडे बघत होती.

हिंगणीत चहाच्या टपरीवर मालकाने सायकल एका बोटाने उचलून पाहिली.

‘‘केवढ्याले पडली भाऊ?’’

‘‘दीड लाख.’’

‘‘अन् स्टँड नाही हिले?’’

‘‘नाही.’’

‘‘कॅरिअर?’’

‘‘नाही.’’

‘‘अजून थोडे टाकले असते त बुलेट आली असती ना जी.’’

सेवाग्रामच्या जिल्ह्यात बसून दीड लाखाच्या सायकलीवर चर्चा करताना थोडं ओशाळायला होतंच. पण मला अडवलं ते बुलेटने नाही. दहा मिनिटांनी. ही सायकल वेळ वाचवते ती तुम्ही खाली वाकलेले असताना. माझ्या मित्राला दोन-अडीच तास तसं राहता येतं, त्याने त्यासाठी वर्षभर घरातल्या ट्रेनरवर मान मोडून घेतलीय. मला दहा मिनिटं जमतं. ट्राय बाइक घेऊन वर उठून बसायचं म्हणजे एसीचं रिझर्वेशन करून डब्याच्या दारात उभं राहायचं! आणि आठवड्यात मी चालवतो ते रस्ते शेळ्या, स्पीडब्रेकर आणि राँग साइडच्या ट्रॅक्टरांचे. ट्राय बाइकसाठीच बनवल्यासारखा सरळसोट समृद्धी महामार्ग सेलूजवळूनच जातो, पण त्यावर दुचाकीला बंदी.

शिवाय ऑलिंपिकच्या ट्रायथलॉनमध्ये घोळक्याने चालवायची परवानगी असते, आणि तिथे जगातले सगळ्यात फास्ट लोक रोड बाइकच चालवतात. हे मला चहाच्या दुसऱ्या कपाला आठवलं आणि फार बरं वाटलं.

म्हणून सध्या एवढंच केलंय. माझ्याच रोड बाइकला लेमाँसारखे जोडायचे दांडे मागवलेत, आणि मापं घेऊन सीट, हँडल नीट लावून देणाऱ्याची वेळ घेतलीय. ग्रुपमध्ये असताना कोपरं टेकवायची नाहीत, गाव दिसलं की हात ब्रेकवर. गोव्यापर्यंत सलग दीड तास वाकून राहता आलं, तर पुढच्या वर्षी ट्राय बाइकचा विषय पुन्हा काढीन. तीही दुसऱ्याच्या मापाची नाही.

परत येताना सेलूपासून मी पुन्हा रांगेत, मधल्या जागेवर. मित्र बाहेर, एकटा, आमच्यापेक्षा दोनशे मीटर पुढे. बुटीबोरीला तो थांबून आमची वाट बघत होता. मी ‘नाही’ म्हणालो तेव्हा त्याने फार वाईट वाटून घेतलं नाही. रात्री जाहिरात टाकली, एक लाख सत्तर.

आई, दांडे साडेपाच हजारांचे आहेत. हा आकडा खरा.