८-१० वर खेळणारे मन

हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ३० सप्टेंबर २०२३ रोजी भारत-पाकिस्तान स्क्वॉशची सांघिक अंतिम लढत १-१ अशी अडली होती. मुंबईचा महेश माणगावकर पहिला सामना हरला होता, सौरव घोषालने दुसरा जिंकून बरोबरी साधली होती. निर्णायक सामन्याच्या पाचव्या गेममध्ये चेन्नईचा अभय सिंग नूर झमानविरुद्ध ८-१० असा मागे पडला. एक गुण गेला असता तर सुवर्णपदक गेले असते. अभयने सलग चार गुण घेऊन गेम १२-१० असा जिंकला. अशा खेळाला आपण जिगर म्हणतो आणि विषय तिथेच सोडतो. ही जिगर घडवावी लागते, आणि ती कशी घडते हे समजून घ्यायला हवे.

स्क्वॉशचे कोर्ट ९.७५ मीटर लांब आणि ६.४ मीटर रुंद. त्यात दोघे खेळाडू एकाच बाजूला, एकमेकांच्या श्वासाच्या अंतरावर. चेंडू थंड असताना जेमतेम उसळतो, म्हणून सामन्याआधी तो फटके मारून तापवावा लागतो. अमेरिकेत जो सोबेक यांनी १९५० मध्ये रचलेल्या रॅकेटबॉलमध्ये चेंडू मोठा आणि बराच उसळणारा असतो, छतही खेळात धरले जाते. पण शरीराकडून होणारी मागणी दोन्हीकडे सारखीच. धाव, झेप, गुडघा वाकवून खोल लंज, लगेच वळून पुन्हा मध्यावर. नाडी खाली येण्याआधी पुढची सर्व्हिस येते.

एवढ्या कमी वेळात चेंडू पाहून पळणारा हमखास उशिरा पोहोचतो. ब्रूस अ‍ॅबरनेथी या ऑस्ट्रेलियन संशोधकाने १९९० मध्ये स्क्वॉशपटूंवरील अभ्यासात दाखवून दिले, की मुरलेला खेळाडू फटका बसण्याआधीच प्रतिस्पर्ध्याचा हात आणि रॅकेट पाहून चेंडूची दिशा ओळखतो. नवशिक्याला ते जमत नाही. ही नजर वर्षानुवर्षे तगड्या प्रतिस्पर्ध्यांसमोर उभे राहूनच तयार होते.

आणि नेमकी हीच नजर दडपणाखाली दगा देते. मूठ आवळली जाते, मनगट ताठ होते, लक्ष समोरच्या हालचालीवरून सुटून गुणफलकावर जाते. वर्षानुवर्षांच्या सवयीने आपोआप बसणारा फटका खेळाडू विचार करून मारू लागतो आणि चेंडू समोरच्या भिंतीच्या तळाशी असलेल्या पत्र्यावर आदळतो. दोन रॅलींच्या मधल्या काही सेकंदांत खेळाडू काय करतो, ते म्हणूनच पाहण्यासारखे असते. घामेजला तळहात भिंतीला पुसणे, रॅकेटच्या तारांवर नजर ठेवणे, एक लांब श्वास सोडणे. ठरलेल्या क्रमाने केलेल्या या कृती मनाला पुढच्या एका गुणापुरते बांधून ठेवतात. त्यांचाही सराव लागतो, बॅकहँडइतकाच.

नेहरू पार्कमधील इंडियन स्क्वॉश अकादमीमुळे चेन्नईत तगडे प्रतिस्पर्धी आणि असा सराव एका ठिकाणी जमून आले. जोश्ना चिनप्पा आणि दीपिका पल्लीकल तिथे घडल्या. कोलकात्याचा घोषालही सरावासाठी तिथेच गेला. डिसेंबर २०२५ मध्ये याच शहरात भारताने हाँगकाँगला ३-० ने हरवून स्क्वॉश विश्वचषक पहिल्यांदाच जिंकला. त्या संघात ३९ वर्षांची जोश्ना आणि १७ वर्षांची अनाहत सिंग एकत्र होत्या. एवढ्या अंतराच्या दोन पिढ्या एका संघात येतात, हे आमच्या मते कोणत्याही एका विजयापेक्षा मोठे यश आहे.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये स्क्वॉशच्या समावेशावर शिक्कामोर्तब झाले ते ऑक्टोबर २०२३ मध्ये, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या मुंबईतल्या अधिवेशनात. त्याच मुंबईत आणि पुण्यात बरीचशी कोर्टे जिमखान्यांच्या आणि क्लबांच्या आवारात आहेत, सभासदांपुरती. दुपारच्या रिकाम्या वेळी ती जवळपासच्या शाळांतील मुलांना खुली करावीत. सोबत मुलांना डोळ्यांचे संरक्षक चष्मे द्यावेत, कारण हा चेंडू थेट डोळ्याच्या खोबणीत बसेल एवढा लहान असतो. आणि क्रीडा मानसशास्त्रज्ञाला पराभवानंतर बोलावण्याऐवजी पहिल्या वर्षापासून प्रशिक्षकाच्या शेजारी उभे करावे.